धुराच्या हिशोबावर माझी सही

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार. दुखऱ्या टाचेला जरा वेगळा, हलक्या हाताने. टाच कशी आहे? सांगितल्याप्रमाणे गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसतेस, की बादली भरून ठेवून दुसऱ्याच कामाला लागतेस? (उत्तर मला माहीत आहे. मागच्या खेपेला तुझ्याकडे आले होते तेव्हा त्या बादलीत पाय फक्त माझा बुडाला, तोही चपलेसकट.) भावोजींचा खोकला गेला का? गेला नसेल तर निदान ते तो कबूल तरी करतात का? आमच्याकडे सगळं क्षेम आहे. ह्यांचं गुडघ्याचं चालू आहे, पण रोज फिरायला जातात आणि परत आल्यावर किती चाललो ते वाढवून सांगतात. मी कोपऱ्यावरच्या बाकापर्यंतचं अंतर मोजून घेतलं आहे, पण घरात मी पडताळणी करत नाही. संसार आहे, चालायचंच.

तू फोनवर विचारलंस, "अगं, तू नक्की करतेस तरी काय? धूर हुंगतेस?" आणि मी सांगायला तोंड उघडलं तर तुझं दूध उतू गेलं. शेजारणीला तू सांगितलंयस की माझी बहीण प्रदूषणवाल्यांत आहे आणि दंड करते. ताई, मी कुणालाही दंड करत नाही. दंड करायचा अधिकार मला असता तर सुरुवात तुझ्या घरापासून, त्या न वापरलेल्या बादलीपासून केली असती. तेव्हा आता नीट सांगते, आणि सांगायला मोठं कारणही घडलं आहे.

जगात काही कंपन्या अशा असतात की त्या आपणहून, कुणी कान न धरता, एक अहवाल लिहितात: गेल्या वर्षी आमच्या हातून हवेत किती धूर गेला, किती गॅस गेला, पृथ्वी तापवण्यात आमचा वाटा किती. कायदा त्यांना तसं लिहायला सांगत नाही. पण हल्ली मोठी गिऱ्हाइकं विचारतात, शेजारची कंपनी लिहिते, मग आपणही लिहावं असं वाटतं. आता स्वतःबद्दल स्वतःच लिहिलेलं कोण खरं मानणार? (आपण दोघी होस्टेलमधून घरी लिहायचो, "आम्ही इथे अतिशय आनंदात आहोत," त्यातलं आईने एक अक्षर तरी खरं मानलं का? पुढच्याच गाडीने यायची ना बिचारी!) म्हणून मग बाहेरचं कुणीतरी जातं, बिलं बघतं, मीटर बघतं, यंत्रांपाशी उभं राहतं, सगळी आकडेमोड पुन्हा करतं, आणि पटलं तर खाली सही करतं की हा हिशोब खरा आहे. ते बाहेरचं कुणीतरी म्हणजे मी. धूर कमी करणं माझं काम नाही आणि धुरावरून रागावणं तर नाहीच नाही. ज्याचा जेवढा धूर, तेवढाच त्याने सांगितलाय ना, एवढंच मी बघते.

आपल्या होस्टेलच्या भरतकामाच्या सिस्टर आठवतात? आपण जीव ओतून रुमालावर गुलाब काढायचा, आणि त्या गुलाबाकडे ढुंकूनही न बघता रुमाल उलटा करायच्या. "पुढून सगळ्यांचेच गुलाब छान असतात. मागून दाखव." तुझी मागची बाजू पुढच्याइतकीच नीटस असायची, माझ्या मागे मात्र दोऱ्यांचं जंगल. त्यांच्या त्या बोटांना साबणाचा वास यायचा, आणि जिन्याच्या लाकडाला मेणाच्या पॉलिशचा, आणि पावसाळी दुपारी त्या दोन्ही वासांत मिसळलेला ओल्या लोकरीचा. या वयात कुणी मला विचारलं की तुमच्या कामाचं शिक्षण कुठे झालं, तर मी संस्थेचं नाव सांगते, प्रमाणपत्र दाखवते, आणि मनात मात्र म्हणते, त्या जिन्याखालच्या खोलीत. लोकांचे रुमाल उलटे करायचं काम आहे, ताई. दुसरं काही नाही.

तर इतकी वर्षं मी रुमाल उलटे करत होते, पण सही दुसऱ्याची असायची. स्वतःच्या सहीसाठी वेगळी परीक्षा असते. ती या वर्षी दिली. (परीक्षेच्या हॉलच्या दारात उभ्या असलेल्या बाईंनी मला प्रेमाने सांगितलं, "मुलांना आत सोडून पालकांनी बाहेर बाकावर बसावं." मी म्हटलं, माझी मुलं केव्हाच पास होऊन गेली, आता माझी पाळी.) पास झाले! हे त्या दिवशी न सांगता स्वयंपाकघरात गेले आणि माझ्यासाठी चहा करून आले. साखर घालायला विसरले होते, पण मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. आणि लगेच पहिलं काम हातात आलं: एका मोठ्या कोल्ड स्टोरेजचा अहवाल, पडताळणी माझी, आणि शेवटी प्रमाणपत्रावर सही माझी. एकटीची. तुला म्हणून सांगते, मी जुन्या वहीच्या मागे त्या सहीचा सराव केला. माहेरच्या नावाचं अक्षर मध्ये घालावं की नाही यावर एक अख्खं पान खर्च झालं. (घातलं. चांगलं दिसतं.)

भेटीच्या दिवशी तुझ्या धाकट्या लेकीने मला स्कूटरवरून सोडलं. माझ्याकडे राहायला आल्यापासून पोरीने मला एकदाही बसची वाट बघू दिलेली नाही. फाटकापाशी उतरले तर काय, सगळं चिडीचूप. एवढं मोठं कोल्ड स्टोरेज, लांबून त्याची घरघर ऐकू यायला हवी, पण आत पान हलेल तर शपथ. अंगणात एक ट्रक नाही. (ते सगळे मागच्या रस्त्यावर, एकामागे एक, लपवून उभे केले होते. ड्रायव्हर लोक चाकाला टेकून झोपले होते.) पहारेकऱ्याने मला बघून पेटती सिगारेट चक्क खिशात टाकली आणि मग बराच वेळ स्वतःच्या मांडीवर चापट्या मारत माझ्याशी अदबीने बोलत राहिला. ऑफिसात अंधार. पंखे बंद. लिफ्ट बंद, म्हणजे मी जिन्याने. वर पोचेपर्यंत माझ्याच तोंडून इतकी वाफ निघत होती की अहवालात धरावी लागली असती. कुणा अतिउत्साही कारकुनाने भिंतीवरच्या घड्याळातला सेलसुद्धा काढून ठेवला होता.

मालक हात जोडून उभे. जाडजूड, प्रेमळ, घामाने डबडबलेले. म्हणाले, "बघा मॅडम, बघा! कुठून काही निघतंय? डोळ्यांत तेल घालून बघा. आम्ही काही सोडतच नाही!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला, कारण दुसरा कुठलाच प्रकाश तिथे नव्हता. ताई, त्या भल्या माणसाला वाटलं होतं की मी येणार म्हणजे त्या दिवशीचा धूर मोजणार! म्हणून त्यांनी सकाळपासून होतं नव्हतं ते सगळं बंद करून ठेवलं होतं. कॉम्प्रेसरसुद्धा. कोल्ड स्टोरेजचे कॉम्प्रेसर! आत गोठवलेल्या मटाराचे डोंगर, आणि गारवा मिनिटागणिक चाललेला. आणि मला यातलं काही ठाऊक नसल्यामुळे मी आपली सिस्टरांच्या शिस्तीत, एकेक मीटर टॉर्चने न्याहाळत, एकेक नंबर दोनदा लिहून घेत, सावकाश पुढे सरकत होते. मालक माझ्या मागून चालताना अधूनमधून कण्हत होते. मला वाटलं, पोटात दुखतंय. मी त्यांना ओवा खायला सांगितला. शेवटी एका मोठ्या दाराखालून पाण्याचा ओघळ आला आणि माझ्या चपलेपाशी थांबला.

"हे काय?" मी विचारलं.

"मटार, मॅडम," मालक रडवेल्या आवाजात म्हणाले. "मटारांना पाणी सुटलं."

मग मी त्यांना समजावलं की अहो, अहवाल गेल्या अख्ख्या वर्षाचा आहे. आज तुम्ही श्वास घेणं जरी बंद केलंत तरी गेल्या वर्षीचा आकडा तसूभर हलत नाही. उलट यंत्रं चालताना बघायला मिळावीत म्हणून तर मी आले. मालकांनी विचारलं, "म्हणजे आज बंद ठेवून काही उपयोग नाही?" नाही. "अजिबात?" अजिबात नाही. आणि मग जी काय आरोळी त्यांनी ठोकली, "अरे चालू करा रे, सगळं चालू करा!" ती मागच्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरांनाही ऐकू गेली असावी, कारण ट्रकही सुरू झाले. कॉम्प्रेसर, पंखे, लिफ्ट, दिवे, सगळं एका दमात लावलं, आणि एका दमात काडकन आवाज होऊन सगळ्या इमारतीची वीज गेली. (लिफ्टमध्ये तेवढ्यात एक बाई चहाचा ट्रे घेऊन शिरली होती. ती आत, आम्ही बाहेर. चहा तिनेच प्यायला, आणि योग्यच केलं.)

वीज येईपर्यंत मला यंत्रघराच्या मागच्या ओसरीत बसवलं. खुर्ची सापडेना, म्हणून तिथल्या इंजिनिअरने लोखंडी सिलिंडर आडवा करून त्यावर उशी टाकून दिली. हा इंजिनिअर म्हणजे ज्याने तो अहवाल लिहिला तो. तरणा, किडकिडीत आणि इतका उंच की कामगार पाठीमागे त्याला शिडी म्हणतात (समोरही म्हणतात, तो 'ओ' देतो). सकाळपासून तो मालकांना सांगत होता म्हणे की असं बंद करू नका, पण मालकांपुढे कुणाचं चालतं? मी त्या सिलिंडरवर बसले, आजूबाजूला नजर टाकली, आणि ताई, त्या क्षणी सिस्टर माझ्या कानाशी येऊन उभ्या राहिल्या. कारण ओसरीत तसेच सिलिंडर सगळीकडे. एकावर कुंडी, दोहोंवर फळी टाकून बाक केलेला, एक दाराला अडसर म्हणून. सगळे रिकामे. हे असतात थंड करणाऱ्या गॅसचे. आणि अहवालात लिहिलेलं होतं, "गॅस गळती: नाही."

मी विचारलं, "यातला गॅस कुठे गेला?"

"मशीनमध्ये भरला, मॅडम."

"दर वर्षी भरता?"

"लागेल तसा."

"मशीनमध्ये आधी होता ना?"

"होता की."

"मग भरत राहता तरी मशीन फुगत का नाही?"

मी म्हटलं, बाळा, माझ्या घरात तेलाचा डबा भरला आणि पंधरवड्याने रिकामा दिसला, तर तळण कुणीतरी खाल्लेलं असतं. डब्याला विचारून उपयोग नसतो. तुझ्या यंत्राने पुन्हा पुन्हा गॅस मागितला याचा अर्थ आधीचा कुठेतरी गेला. तो म्हणाला, "पण धूर दिसत नाही, वास येत नाही." तेच तर! हा गॅस दिसत नाही, हुंगता येत नाही (शेजारणीला सांग), पण पृथ्वी तापवण्यात डिझेलच्या धुराचा आजोबा शोभेल. हवेत थोडासा सुटला तरी ट्रकच्या ट्रक धुराला भारी. आणि तो अहवालात कुठेच नव्हता. लबाडी नव्हती हं ताई, तेही मी ओळखते. गळती म्हणजे फुटलेला पाइप आणि फुस्स आवाज, असं त्या मुलाच्या डोक्यात. तसं काही झालं नव्हतं, म्हणून लिहिलं "नाही." पुढून गुलाब झकास.

ती भर घालून हिशोब पुन्हा मांडला तेव्हा काय झालं माहीत आहे? मालकांनी वर्षभर दिवे बदलून, छपरावर सौरऊर्जेचे पत्रे लावून, ट्रकचे फेरे कमी करून जेवढं वाचवलं होतं, ते सगळं त्या न दिसणाऱ्या गॅसने गिळलं आणि वर ढेकर दिला. मालक आमच्या ऑफिसात आले. म्हणाले, "म्हणजे मी फी भरून स्वतःचीच बदनामी लिहून घेऊ? अहो, मला कुणी सांगितलं होतं का हा अहवाल लिहायला? आपखुशीने लिहितोय मी!" मी म्हटलं, खरं बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं हे कबूल, पण मग खोटं बोलायला तरी कुणी सांगितलं होतं? यावर ते बराच वेळ पाणी प्यायले. आमचे साहेबही (वयाने माझ्या मुलाएवढे, ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर, आणि दोघांनाही ते जड जातं) मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, पहिलीच सही आहे तुमची. इतकं ताणू नका. गिऱ्हाईक जाईल." मी म्हटलं, सर, पहिली आहे म्हणूनच. खोट्यावर पहिली सही केली तर दुसरी कशावर करू?

हे बोलून मी बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून एका पावतीच्या मागे ती सही पुन्हा एकदा काढून बघितली, ते तुला सांगायला हरकत नाही. कारण मला ती सही हवी होती गं. लोकांना या वयात हार, शाली, खुर्च्या मिळतात. मला एक कागद हवा होता, खाली माझं नाव असलेला.

आणि मग ती शिडी आमच्या घरी आली. रविवारी सकाळी, हातात कागदांचा गठ्ठा घेऊन. तुझ्या धाकटीने दार उघडलं. मला वाटलं, भांडायला आला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हणालात तो गॅस मी धरला. पण आमच्या ट्रकांवरही थंड करणारी यंत्रं आहेत. त्यांच्यातही गॅस भरतो. तो तुमच्याही नजरेतून सुटला." ताई, मी खुर्चीतून उठले! खरंच सुटला होता. मी ट्रक बघितलेच नव्हते, ते लपवलेले होते ना, आणि नंतर वीज, मटार या गडबडीत राहूनच गेलं. त्या मुलाने तोंड मिटून घेतलं असतं तर कुणालाही कधी कळलं नसतं. त्याने स्वतःहून, स्वतःचाच आकडा आणखी वाईट करणारी चूक काढून माझ्या पुढ्यात ठेवली. आणि सोमवारी मालकांसमोर उभा राहून म्हणाला की हाच आकडा जाईल, नाहीतर अहवाल दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. मालकांनी आधी त्याला नोकरीवरून काढलं, मग चहा मागवला, मग चहा येईपर्यंत परत ठेवलं. शेवटी म्हणाले, "जाऊ दे, खरंच लिहा. पुढच्या वर्षी गळती बंद करून दाखवतो, म्हणजे आकड्याचा उतारही खराच दिसेल." मला त्या घामट माणसाचा इतका अभिमान वाटला की मी त्यांनाही 'बाळा' म्हणणार होते.

तर सगळं जुळलं. आकडा खरा, मालक राजी, साहेब खूश. मटारसुद्धा बरेचसे वाचले. राहिली सही. सही करायच्या दिवशी धाकटीच मला स्कूटरवरून नेत होती. वाटेत तिने विचारलं, "मावशी, सहीच्या आधी तुला काही लिहून द्यावं लागतं का गं?" मी सांगितलं, हो तर. लिहून द्यावं लागतं की त्या कंपनीत माझ्या नात्याचं कुणी नाही. "आणि पुढे होणार नाही, असंही?" तसं होण्याची शक्यता माझ्या माहितीत नाही, असंही. पोरीने स्कूटर बाजूला घेतली, बंद केली, हेल्मेट काढलं, आणि मला एक गोष्ट सांगितली. ती मी खाली लिहिते आहे, तिथे आत्ताच उडी मारू नकोस. तुझी शेवट आधी वाचायची खोड मला माहीत आहे. इथे एवढंच, की ती गोष्ट ऐकल्यावर तो कागद भरणं मला शक्य नव्हतं.

साहेबांना जाऊन सांगितलं की माझं नाव काढा. ते म्हणाले, "मॅडम, अजून काही ठरलेलं नाही ना? कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं, मला कळलंय ना! मग दुसऱ्या शाखेतून एक पडताळणीदार बाई बोलावल्या. त्यांना सगळे खाष्ट म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. त्यांनी माझं सगळं काम उलटं करून, दोरा न् दोरा ओढून बघितला. पुन्हा तिथे जाऊन आल्या, ट्रकखाली वाकून आल्या. बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. आणि शेवटी मला म्हणाल्या, "यात बदलण्यासारखं मला काही मिळालं नाही," आणि ते इतक्या नाराजीने म्हणाल्या की यापेक्षा मोठी शाबासकी मला जन्मात मिळालेली नाही. (सिस्टर रुमाल उलटा करून काही न बोलता परत द्यायच्या. काही न बोलता! त्या दिवशी आपण उड्या मारत वर्गात जायचो.)

प्रमाणपत्र निघालं. त्यावर त्यांची सही आहे, माझं नाव कुठेही नाही. त्याची प्रत ह्यांनी टेबलाच्या काचेखाली लावली आहे, आणि घरी येईल त्याला हात धरून तिथे नेतात आणि छाती पुढे काढून म्हणतात, "हे बघा. यावर हिची सही नाही." पेपरवाल्यालासुद्धा दाखवून झालं. आधी मला लाजल्यासारखं व्हायचं. आता ते सांगायला लागले की मी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहते.

असो. पत्र फार लांबलं. भावोजींना नमस्कार, खोकल्याला निरोप. बादली वापर. तुझ्या मायेवर वाढलेली,

तुझी धाकटी बहीण

ता. क. हं, आता वाच. तर स्कूटर थांबवून तुझी लेक मला म्हणाली, "मावशी, त्याने मला विचारलंय, आणि मी हो म्हटलंय." मी विचारलं, कुणी? तर म्हणते, "तुझ्या शिडीने." मी तिथल्या तिथे फुटपाथवर बसले. पहिल्या दिवशी मी आत टॉर्च घेऊन हिंडत होते तेव्हा ती फाटकाबाहेर उन्हात उभी होती, आणि तो तिला खुर्ची शोधून द्यायला बाहेर गेला होता. (मला सिलिंडर मिळाला तो म्हणूनच! असलेली एकुलती एक खुर्ची बाहेर गेली होती.) पोरीने मला सही झाल्यावर सांगितलं असतं तरी चाललं असतं, नाही का? कागद खरा ठरला असता, मला ठाऊकच नव्हतं म्हणून. पण ती आधी बोलली. मावशीची सही जाईल हे माहीत असून बोलली. रडत होती, पण बोलली. ताई, ही मुलगी तू वाढवलीस, म्हणून माझ्या सहीचं मला काही वाटत नाही. खरं सांगायचं तर थोडं वाटतं. पण तुझा अभिमान जास्त वाटतो.

आणखी एक ता. क. तू तिच्यासाठी तो दातांचा डॉक्टर बघून ठेवला आहेस, हे मला माहीत आहे, आणि तो चांगला असेलही. ती तुला फोनवर सांगायला घाबरते, म्हणून सांगण्याचं काम माझ्याकडे आलं आणि म्हणून एवढा धुराचा फाफटपसारा. आमच्या धंद्यात 'हे खरं आहे' असं छातीठोक कुणी लिहून देत नाही. लिहितात, 'खोटं असल्याचं आमच्या पाहण्यात आलेलं नाही.' तेव्हा तशाच शब्दांत: हा मुलगा तुझ्या लेकीला शोभणार नाही असं माझ्या पाहण्यात काहीही आलेलं नाही. किरकोळ त्रुटी लिहून ठेवते: उभ्याने जेवतो, गाणं म्हणतो आणि ते सुरात नसतं, दाराच्या चौकटीला डोकं आपटून मग चौकटीची माफी मागतो. पण आता मी नात्यातली झाले, म्हणून माझं मत धरता येणार नाही. तुझं तूच तपास, आणि हवं तितकं उलटं करून बघ.

शेवटचा ता. क. हे पत्र मी टपालाने पाठवलेलं नाही. पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्या उंच मुलाने ते तुझ्या हातात दिलं, त्याला मी बजावून ठेवलं आहे की ताईचं वाचून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही आणि बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. आणि मी तर एवढं लांब लिहून बसले! बिचारा अजून दारातच उभा असेल. त्याला आत घे गं, ताई. आणि वाकून ये म्हण.